पद्मिनीचं इंजिन बांधलं, पण गाडी चालूच होईना

बाबांची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती. यंदा दिवाळीनंतर ठरवलंच, इंजिन उघडायचं. 1089 सीसीचं साधं चार सिलेंडरचं इंजिन, हाताला सगळं पोचतं. ब्लॉक बोअरिंगला आणि क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंडिंगला उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये दिला (कोल्हापुरात राहायचा हा मोठा फायदा आहे), ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड पॅकिंग सगळं नवं आणलं आणि दर रविवारी बसून मी स्वतः इंजिन बांधलं.

सेल्फ मारला. इंजिन फिरतंय झकास, पण पकडतच नाही. मधूनच कार्बोरेटरमधून फाट्ट करून आवाज, आणि एकदा तर एअर फिल्टर काढलेला असताना सरळ जाळ वर आला. ओलं गोणपाट शेजारीच ठेवलं होतं म्हणून निभावलं, तुम्ही कुणी असलं काम करत असाल तर विझवायची सोय आधी करा, मग बॉनेट उघडा.

बघायला येईल तो म्हणायचा कार्बोरेटर बघ. मलाही तेच पटलं आणि त्यात दोन रविवार गेले. सोलेक्स कार्बोरेटर तीनदा उघडला, जेट फुंकले, फ्लोटची सुई बदलली. खरं तर ॲक्सिलरेटर दाबला की आत पेट्रोलची बारीक पिचकारी स्वच्छ दिसत होती, म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लग काढून हेडला टेकवला तर करंट निळा, कडक. पॉइंट घासले, गॅप लावला, कंडेन्सर नवा टाकला. पेट्रोल आहे, करंट आहे, मग राहिलं काय?

शेवटी मागच्या गल्लीतल्या मामांना बोलावलं, चाळीस वर्षं फिटर होते. त्यांनी कार्बोरेटरकडे बघितलंसुद्धा नाही. प्लग काढले, चारही ओले. "किती सेल्फ मारलास रे? बंद कर आधी. रिंगा नव्या आहेत, पेट्रोलनं बोअरचं ऑइल धुतलं की कॉम्प्रेशन पडतं." प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं.

मग म्हणाले, टॉप गियर टाक आणि प्लग न लावता गाडी हळू ढकल. स्वतः एक नंबरच्या, म्हणजे रेडिएटरकडच्या सिलेंडरच्या भोकावर अंगठा धरून गाडीबरोबर पाऊल पाऊल सरकत राहिले. क्रँकच्या पुलीवरची खूण (एक नंबरचा पिस्टन सगळ्यात वर आला की ती वर येते) वर आली, अंगठा जागचा हलला नाही. "अजून एक फेरा." इंजिनच्या दोन फेऱ्यांना मीटरभरही जागा लागत नाही टॉप गियरमध्ये. पुन्हा खूण जवळ यायला लागली आणि यावेळी हवेनं फुस्स करून अंगठा उचलला. "आता उघड कॅप." डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटतो त्याची.

आतला फिरणारा रोटर एक नंबरऐवजी चार नंबरच्या वायरीकडे तोंड करून!

चूक माझीच होती. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकदा फिरतो, त्यामुळे ती खूण दोनदा वर येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. मी नुसती खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवला आणि तो बरोबर अर्धा फेरा उलटा बसला. करंट पडायचा तो एक्झॉस्ट संपता संपता, इनटेकचा व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेला, म्हणून तो जाळ कार्बोरेटरमधून. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) 1-3-4-2 असल्यामुळे खात्री करायला मामांनी नुसत्या वायरी बदलल्या, एकची चारला आणि तीनची दोनला. प्लग पुसून वाळवून लावले. दुसऱ्या सेल्फला पकडली. आधी त्या ऑइलचा निळा धूर शेडभर झाला, मग सायलेन्सरचा आवाज एकसारखा लागला. बाबा पायरीवर बसले होते, ते उठून आले आणि कुणी सांगायच्या आधी त्यांनी चोक हळूच अर्धा आत ढकलला.

डिस्ट्रिब्युटर काढून नीट बसवायचं काम या रविवारी करतोय, मग टायमिंग पुन्हा बघायचं, आणि 500 किलोमीटर झाले की ऑइल बदलून टॅपेट सेट करायचे.