बाई, बूट काढायचे का?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

पाय अजून ठणकतायत पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. नववी ब ला घेऊन म्युझियमला गेले होते. परळहून लोकल, सीएसएमटीला उतरून फोर्टातून चालत, ३८ मुलं आणि आम्ही दोघी बाई. गेला महिनाभर पालकांच्या सह्या गोळा करणं चाललं होतं, शाळेतून परवानगी मिळेपर्यंत नाकी नऊ आले, चित्रकलेच्या तासासाठी अख्खा दिवस कशाला हा प्रश्न तीन वेळा ऐकला. म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, माझी आई अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणते.

मी रात्री जागून एक वर्कशीट बनवलं होतं. रेषा, आकार, पोत, समतोल, लय. प्रत्येक मूर्तीसमोर उभं राहायचं आणि पाच ओळी भरायच्या. मला खरंच वाटत होतं की मी मुलांना बघायला शिकवतेय.

तर तिथे परळच्या शिवाची प्रतिकृती आहे. मूळ शिळा १९३१ साली परळ आणि शिवडीच्या मधे रस्त्याचं काम चालू असताना सापडली, साधारण साडेतीन मीटर उंच, अख्खी एका दगडातली, पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्याच आसपासच्या काळातली. मधे उभा शंकर, त्याच्यातूनच वर दुसरा निघालाय, त्याच्यातून तिसरा, आणि बाजूंना दोन-दोन, असे एकूण सात, आणि खाली वाद्यं वाजवणारे गण. मी मुलांना सांगत होते की बघा, एकातून एक आकार कसा फुटतोय, याला म्हणतात लय, लिहून घ्या. सगळे माना खाली घालून लिहायला लागले.

एक मुलगी लिहीत नव्हती. वर्गात सहसा बोलत नाही ती, चित्रकलेत बी ग्रेड, मागच्या बाकावर बसते. ती मूर्तीच्या अगदी समोर गेली, हात छातीला लावला, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, बूट काढायचे का?"

मला कळेचना. तर म्हणे, हा आमच्या बारादेवीच्या देवळातला शंकर आहे, आजी नेते ना मला, तिथे चपला बाहेर काढायच्या असतात, इथे बूट काढायचे का?

मूळ शिळा आजही परळला बारादेवीच्या देवळात आहे. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे तिला. आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटं असेल. मी त्या शाळेत १४ वर्षं शिकवतेय आणि मुलांना ही शिळा दाखवायला लोकलने फोर्टात घेऊन आले, आणि वर्गातली एक मुलगी लहानपणापासून तिला हात जोडतेय हे मला माहीतच नव्हतं. मी काय म्हटलं तिला? म्हटलं, "नको गं, ही नक्कल आहे, खरी तिकडे आहे, तू आधी लय लिही." तिने मान डोलावली आणि लिहायला लागली. तिचा तो मान डोलावण्याचा क्षण दिवसभर डोळ्यांसमोरून जात नाहीये. तिने इतकी मोठी गोष्ट विचारली होती आणि मी तिला वर्कशीटकडे ढकललं.

पुढच्या दालनात बुद्धाच्या मूर्तीसमोर तसंच. एका मुलाने मी सांगायच्या आधीच सांगितलं की ही भूमिस्पर्श मुद्रा, बोधी मिळाली तेव्हाची, जमिनीला साक्षी ठेवलीय. कुठून कळलं विचारलं तर म्हणे विहारात वडील सांगतात. माझ्या वर्कशीटमधे त्याला लिहायला जागा नव्हती.

पण खरी मजा परतीच्या गाडीत आली. त्या मुलीचा प्रश्न मुलांनी उचलून धरला होता, मी विसरले असं त्यांना वाटत होतं. एक म्हणाला नक्कल आहे तर देव नाही, बूट कशाला काढायचे. दुसरी म्हणाली घरातला देवाचा फोटो पण छापलेलाच असतो ना, त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. मग खिडकीजवळचा एक मुलगा बोलला, त्याच्या काकांचा लालबागला गणपतीचा कारखाना आहे. तो म्हणाला, कारखान्यात कारागीर मूर्तीच्या मांडीवर पाय ठेवून चढतात, खांद्यावर बसून मुकुटाला पॉलिश पेपर मारतात, कोणी काही बोलत नाही कारण तेव्हा ती नुसती मूर्ती असते. पण डोळ्यांची आखणी झाली की काका कोणाला चढू देत नाहीत. अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, ती मंडपात होणार, तरी आखणी झाली की आवाज पण खाली करतात. आणि आखणी ते स्वतःच करतात, पोरांना देत नाहीत, त्या दिवशी सकाळपासून फोन घेत नाहीत.

सगळा डबा ऐकत होता. बाजूचे एक काका पेपर खाली करून ऐकत होते. एकीने विचारलं मग विसर्जनानंतर? तो म्हणाला, उत्तरपूजा झाली की मूर्ती हलवतात ना जरा, तेव्हा देव गेलेला असतो. पण दुसऱ्या दिवशी चौपाटीवर अर्धवट विरघळलेली मूर्ती दिसली तर काका तिकडे बघत नाहीत, मान फिरवतात.

मी एम्ए केलंय, सौंदर्यशास्त्राचा पेपर दिलाय. मूर्ती कधी वस्तू असते, कधी देव असते, कधी पुन्हा माती होते, आणि त्या प्रत्येक वेळी तिच्याकडे बघायची माणसाची नजर कशी बदलते हे मला इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. १४ वर्षांच्या मुलाने चिंचपोकळी जाता जाता सांगितलं. आणि हा सगळा विषय त्याच्या घरात होता, मी फक्त कधी विचारलं नव्हतं.

आता वारलीचं पण आठवतंय आणि वाईट वाटतंय. दरवर्षी आठवीला शिकवते मी, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, वरती गोल डोकं, काड्यांचे हातपाय, ब्राउन कागदावर पांढरा पोस्टर कलर, झालं चित्र, शेरा छान. पण ती चित्रं मुळात कागदावरची नव्हतीच. लग्न असलं की घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे बघायला पाहुणे येतात म्हणून काढत नाहीत, लग्न लागावं म्हणून काढतात. कागदावर ती चित्रं १९७० च्या दशकात आली, जिव्या सोमा मशेंनी रोजचं जगणं, शेती, मासेमारी असं सगळं काढलं, पुढे २०११ ला पद्मश्री मिळाली, आणि ती पण मोठी गोष्ट आहेच, परंपरा पुढे जाते ती अशीच. पण माझ्या आठवीच्या मुलांना ना चौक माहीत ना मशे, त्यांना फक्त दोन त्रिकोण माहीत आहेत, कारण मी तेवढंच शिकवलं. तारपा नाच काढताना एका मुलाने गोल नीट बंद केला नाही म्हणून मी मार्क कापले होते एकदा. तारपा वाजवणाऱ्याच्या मागून ती माणसांची साखळी गुंडाळत जाते, ती बंद असायचीच नसते. त्याचंच बरोबर होतं. तो मुलगा आता कॉलेजला असेल.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची घाई असतेच, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, दहावीला वाढीव मार्क, पालकांना तेच हवं असतं आणि त्यांचं चुकत नाही. तो हात तयार करावाच लागतो, मी ते सोडणार नाही. लय, समतोल हे शब्द पण सोडणार नाही, ते खरे आहेत, त्या शिळेत लय आहेच. फक्त तो पहिला प्रश्न नको. पहिला प्रश्न हा हवा की हे कोणासाठी केलं असेल, हे कुठे उभं होतं, याच्यासमोर माणसं काय करत असतील. आणि तुमच्या घरी असं काही आहे का. त्याच्यानंतर लय शिकवली तर ती नुसती पाच ओळींत अडकत नाही.

एका गोष्टीची काळजी मात्र वाटत होती. वर्गात सगळ्या घरची मुलं आहेत, देवळात नेलं तर कोणाला अवघडल्यासारखं होईल का. मी गाडीतच विचारलं की आपण सगळे बारादेवीला गेलो तर कोणाकोणाला यायचंय. एक मुसलमान मुलगा म्हणाला, बाई मी नमस्कार नाही करणार पण चपला काढीन, चालेल ना? मी म्हटलं चालेल, तेवढंच करायचंय, बघायला आलोय आपण, आणि ज्यांचं आहे त्यांच्या घरात आल्यासारखं वागायचं. तो लगेच म्हणाला मग तुम्ही पण या आमच्या मशिदीत, मिंबर दाखवतो, म्हणजे इमाम ज्यावर उभे राहून प्रवचन देतात ते, लाकडाचं आहे, कोरीवकाम आजोबांच्या ओळखीच्या सुताराने केलंय. ते पण लिहून ठेवलंय. मिंबर बघायचंच.

रात्री जेवताना वर्गाच्या ग्रुपवर त्या मुलीच्या आईच्या फोनवरून मेसेज आला. आजीने सांगितलंय म्हणे, बाईंना सांग, उद्या आलात तर सकाळी लवकर या, आठच्या आत, गर्दी नसते, मुलांना नीट बघता येईल, आणि बाईंना काय विचारायचं असेल ते मला विचारा, मी इथे लग्न होऊन आले तेव्हापासून येतेय. १७ मुलांनी अंगठे दाखवलेत आत्तापर्यंत. वर्कशीट नेत नाहीये, कोरी वही आणि पेन्सिल फक्त. अलार्म साडेसहाचा लावलाय.