बेचाळीस किलोमीटर, चालत

रविवारी पहाटे पावणेपाच वाजता आमचा गट नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जमतो, तेव्हा जॉगिंग ट्रॅकवर धावणारी मंडळीही अजून आलेली नसतात. आम्ही चौदा जण आहोत. सर्वांत लहान सदस्य बत्तीस वर्षांची शिक्षिका आहे आणि सर्वांत ज्येष्ठ काका एकाहत्तर वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. यांपैकी कोणीही धावत नाही. आम्ही मॅरेथॉन चालतो आणि गेली पाच वर्षे चालत आहोत.

"चालायचीच असेल, तर तिला मॅरेथॉन कशाला म्हणायचे?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनीही विचारला आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम ठेवले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. ते धावून पार करणाऱ्याला जेवढे असते, तेवढेच चालून पार करणाऱ्यालाही असते. चालण्याच्या शर्यतीही काही कमी प्रतीच्या नाहीत. त्याच लंडनमध्ये २०१२ साली आपल्या के. टी. इरफान यांनी २० किलोमीटरची ऑलिंपिक शर्यत १ तास २० मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण करून दहावा क्रमांक मिळवला होता. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियांका गोस्वामी यांनी १०,००० मीटर चालण्यात रौप्यपदक पटकावले. त्या शर्यतींचे नियम कडक असतात: एक पाऊल सतत जमिनीवर असलेले पंचांना दिसले पाहिजे, आणि पुढचे पाऊल टेकल्यापासून पाय शरीराखाली उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघा सरळ राहिला पाहिजे. आमच्या पॉवर वॉकिंगला, म्हणजे हात जोरात हलवत भराभर चालण्याला, गुडघ्याचे ते बंधन नाही, परंतु एक पाय जमिनीवर ठेवण्याचा नियम आम्ही मनापासून पाळतो.

तो पाळणे वाटते तितके सोपे नाही. ताशी सात किलोमीटरच्या आसपास वेग पोहोचला की शरीर आपणहून धावू पाहते, कारण त्या वेगाला धावणेच त्याला सोयीचे वाटू लागते. तेथे स्वतःला चालतेच ठेवायचे, ही या चालीची खरी गंमत आहे. कोपर काटकोनात वाकवायचे, हात खांद्यापासून मागे-पुढे न्यायचे, टाच आधी टेकवून वजन चवड्यापर्यंत आणायचे आणि अंगठ्याने जमीन मागे ढकलायची. नवीन माणूस वेग वाढवण्यासाठी हमखास लांब ढांगा टाकतो आणि दोन आठवड्यांत नडग्या धरून बसतो. वेग हवा असेल, तर पावले छोटी आणि भराभर पडली पाहिजेत. हात जलद हलले की पायही आपोआप जलद पडतात, हे मला एका ताईंनी आनंदवल्लीच्या रस्त्यावर माझ्या शेजारी चालून, माझ्या हातांकडे बोट दाखवून शिकवले. त्या दिवशी प्रथमच मी सलग दहा किलोमीटर एका लयीत चालले.

ही लय एकट्याने फार वेळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मी आधी दीड वर्ष एकटीच चालत होते. पाचव्या-सहाव्या किलोमीटरनंतर मन भरकटायचे, पाय मंदावायचे आणि ते मंदावल्याचे मला घड्याळ पाहिल्यावरच कळायचे. गटात मात्र शेजारच्याच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. सोमेश्वरच्या पुढे, गंगापूर धरणाकडे जाताना रहदारी विरळ होते, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात, आणि त्या शांततेत चौदा जणांची पावले हळूहळू एकाच ठेक्यावर येतात. कोणी तसे ठरवत नाही आणि मोजतही नाही. तो ठेका जमला की पुढचे पाच-सहा किलोमीटर कसे गेले ते कळत नाही. दिंडीत चाललेल्या माणसाला मी काय म्हणते ते लगेच समजेल.

शिवाय या वेगात बोलता येते. वाक्य पुरे करता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच दम लागला पाहिजे, ही आमची वेगाची साधी कसोटी आहे. त्यामुळे लांब अंतराच्या रविवारी तीन-चार तास गप्पा चालतात. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी शेजारी चालताना, नजर रस्त्यावर ठेवून, सहज बोलले जाते. आमच्यातल्या एका काकूंनी यजमान गेल्यानंतर आठ महिने कोणापाशी तोंड उघडले नव्हते. महिरावणीच्या अलीकडे एका पहाटे त्या बोलू लागल्या आणि त्र्यंबक येईपर्यंत बोलत राहिल्या. आम्ही फक्त त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत होतो.

नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे सुमारे २८ किलोमीटरचे अंतर आमच्या सरावातला सर्वांत मोठा टप्पा आहे. दर आठवड्याला दोन किलोमीटर वाढवत आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून पायांना विश्रांती देत आम्ही तेथवर पोहोचतो. सातपूरची वस्ती मागे पडली की उजाडू लागते, डाव्या हाताला अंजनेरी दिसते आणि शेवटी समोर ब्रह्मगिरी उभा राहतो. या भागाला पायी चालणे नवे नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी कुशावर्तावर स्नान करून ब्रह्मगिरीची फेरी करणारे, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्यांसह येणारे, सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणारे असे असंख्य लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. माझी आजी नऊवारीत आणि साध्या चपलांवर ब्रह्मगिरीची फेरी करीत असे. सरावात पाय दुखू लागले की मला तीच आठवते.

बूट मात्र नीट निवडावेत, हे मी आग्रहाने सांगेन. तीन-चार तास चालल्यावर पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा जोड घ्यावा आणि तो शर्यतीच्या दिवशी प्रथम कधीच घालू नये. मी पहिल्या अर्धमॅरेथॉनला नवा जोड घातला आणि पंधराव्या किलोमीटरला दोन्ही टाचांना फोड आले. तेव्हा उरलेले सहा किलोमीटर त्या शिक्षिकेने आपल्या पिशवीतली चिकटपट्टी लावून, माझा वेग धरून, मला सोबत केली. तिची स्वतःची वेळ त्यात गेली. तिने त्याचा पुन्हा उल्लेखही केला नाही.

गेल्या जानेवारीत आमच्यापैकी अकरा जण मुंबईला पूर्ण मॅरेथॉन चाललो. ताशी साडेसहा किलोमीटरने हे अंतर साडेसहा तासांत होते, म्हणजे एका किलोमीटरला सव्वानऊ मिनिटे. हा हिशेब प्रत्येकाने तळहातावर लिहून घेतला होता. पहाटेच्या अंधारात निघालो. सागरी सेतूवर वारा छातीवर आला, तेव्हा काका आपणहून पुढे झाले आणि आम्ही त्यांच्या मागे दोन-दोनच्या रांगेत चाललो. तिसाव्या किलोमीटरपर्यंत सर्व काही हिशेबाप्रमाणे होते. त्यानंतर ऊन चढले, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू संपले, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला काकूंच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी आम्हाला पुढे जायला सांगितले. कोणीही गेले नाही. दोघींनी पोटरी चोळली, एकाने मीठ-साखरेचे पाणी आणून दिले आणि चार मिनिटांनी आम्ही त्यांच्या वेगाने पुन्हा चालू लागलो. मरीन ड्राइव्हवर तर त्या सर्वांच्या पुढे होत्या.

आमच्या गटाची एक वही आहे. तीत प्रत्येक शर्यतीनंतर शेवटी पोहोचलेल्या सदस्याचीच वेळ लिहायची आणि तीच सर्वांची वेळ मानायची, असे पहिल्या वर्षीच ठरले आहे. त्या दिवसाची नोंद काकूंनी स्वतःच्या हाताने केली आहे: ६ तास ४६ मिनिटे, अकरा जण.