तुम्ही विचारलंत म्हणून: डाळीला किती शिट्ट्या?

तूरडाळीला किती शिट्ट्या करायच्या, आणि गॅस मोठा ठेवला तर ती लवकर शिजते का? हे दोन प्रश्न नेहमी जोडीनंच येतात, आणि दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे.

डाळ शिजते ती तापमानानं, शिट्टीनं नव्हे. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं. त्यापुढे आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं भराभर आटतं. महाबळेश्वरला तर हवेचा दाब कमी असल्यामुळे ते 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाण्याला उकळायला सुमारे 120 अंश गाठावे लागतात.

हा दाब ठरवते ती झाकणावरची शिट्टी, म्हणजे खरं तर एक वजन. समजा, नळीचं भोक 3 मिलिमीटरचं आहे. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 0.07 चौरस सेंटीमीटर. त्यावर 70 ग्रॅमचं वजन ठेवलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटीमीटरला 1 किलोनं वाढेपर्यंत ते हलत नाही. दाब त्यापुढे गेला की वजन उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन खाली बसतं. झाली एक शिट्टी. म्हणजे शिट्टी एवढंच सांगते की आत गरजेपेक्षा जास्त वाफ झाली आहे. मोठ्या गॅसवर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतील, बारीक गॅसवर एखादीच. तापमान दोन्हीकडे जवळपास तेच. मग शिट्ट्या मोजून डाळीचं काय कळणार?

उलट, प्रत्येक शिट्टीबरोबर गॅस वाया जातो. 1 लिटर पाणी 30 अंशांवरून 120 पर्यंत न्यायला साधारण 380 किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 2200. ही महागडी ऊर्जा आपण ओट्यावर सोडून देतो.

तेव्हा पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर होऊ द्या, मग गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. नळीतून हलकं फुसफुसत राहिलं की पुरे. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ थेट कुकरात असेल तर 6 ते 8 मिनिटं, डब्यात असेल तर 12 ते 15. डब्याला जास्त वेळ लागतो, कारण उष्णता आधी डब्याला लागून पाणी होणाऱ्या वाफेतून, मग धातूतून आणि मग डाळीच्या पाण्यातून आत जाते. जुनी डाळ असेल तर आणखी चार मिनिटं द्या.

सुरुवातीला आतली हवा बाहेर जाणंही महत्त्वाचं. ती अडकली तर दाब भरतो, पण त्यातला वाटा हवेचा असतो आणि तापमान 120 ला पोचत नाही. ज्या कुकरला शिट्टी नंतर लावायची असते, तिथे नळीतून वाफेची सलग धार येऊ लागल्यावरच ती लावा.

शिट्टीच होत नसेल तर आधी रिंग बघा. कडक झालेली रिंग कडेनं वाफ सोडते. डाळीचा फेस नळीत अडकणं मात्र धोक्याचं, म्हणून डाळ पाण्यासकट अर्ध्या कुकरच्या वर जाऊ देऊ नका, चमचाभर तेल घाला आणि नळी दर वेळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहा. तळाचं पाणी संपलं तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट करून देतो. तो व्हॉल्व्ह पुन्हा वापरायचा नसतो, बदलायचा असतो.

आणि कृपा करून झाकण ओढून काढू नका. 120 अंशांच्या 1 लिटर पाण्यावरचा दाब एकदम गेला तर त्यातलं सुमारे 37 ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होतं. ती वाफ 60 लिटर जागा मागते आणि डाळीला सोबत घेऊन बाहेर येते. शिट्टी बोटानं किंचित उचलून बघा; वाफ आली नाही, तरच उघडा.