कोबॉट आला, पण चुरा कोण पुसणार?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीनशॉपमध्ये कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो-हात, बसून चार महिने झाले. मी तिथं सुपरवायझर. पहिला महिना त्याच्यापायी झोप नव्हती.

काम तसं साधं. पंपाच्या बॉडीचं बीडाचं कास्टिंग ट्रेमधून उचलायचं, मशीनमधल्या फिक्श्चरवर, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीवर ठेवायचं, झालेला जॉब काढायचा. रोबोची क्षमता 10 किलो. पण त्या 10 किलोत ग्रिपरचं, म्हणजे रोबोच्या पंजाचं वजनही धरायचं असतं, हे कोटेशन बघताना आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. ग्रिपर अडीच किलोचा निघाला. 8 किलोची मोठी बॉडी आजही माणूसच चढवतो.

दुसऱ्या आठवड्यात एका शिफ्टला 11 जॉब रिजेक्ट. बोअर, म्हणजे आतलं भोक, तिरका. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली मापं, तपासले, टूल बदललं, काही फरक नाही. शेवटी त्या मशीनवर 22 वर्षं काढलेल्या येळ्ळूरच्या मामांना बोलावलं. दोन सायकल नुसतं बघत उभे राहिले नि म्हणाले, "लोकेटरवरचा चुरा पुसालंय कोण रे?"

वाकून बघितलं. लोकेटर म्हणजे जॉब ज्यावर टेकतो ते टेकू. त्यातल्या एका लोकेटरवर तांदळाच्या कणीएवढा चुरा दबून बसला होता आणि जॉब त्याच्यावर टेकत होता. मामा जॉब ठेवण्याआधी दर वेळी एअर मारून वर अंगठा फिरवायचे. पार्टिंग लाईनला, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर, बर (धातूची उरलेली कड) जास्त असली तर बोटाला कळायचं, ते कास्टिंग बाजूला जायचं. कामाच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. मी रोज डोळ्यांनी बघत होतो, तरी कोबॉटवाल्यांना काम समजावताना ते सांगितलं नाही. ही चूक माझी.

आता एअरचा नोझल बसवलाय आणि लोकेटरला बारीक भोक पाडून सीट चेक केलाय. जॉब नीट टेकला नाही तर हवा गळते, दाब कमी दिसतो, सायकल सुरूच होत नाही. बर मात्र अजून मामाच बघतात, ट्रे भरताना.

"रोबोभोवती पिंजरा लागत नाही" हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य. माणसाला लागला की रोबो थांबतो, खरं आहे. पण त्याच्या पंजात कच्चं कास्टिंग असतं, त्याची कड सुरीसारखी. 2016 सालच्या आयएसओ/टीएस 15066 या कोबॉटच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत शरीराच्या कुठल्या भागाला किती दाब चालतो ते दिलंय; धोका तपासायचा तो ग्रिपर आणि जॉब धरून. आम्ही वेग उतरवला. सायकल टाईम वाढला, मालक नाराज झाले. मी मागं हटलो नाही, तिथं आमची पोरं उभी असतात.

रोबो चालवायच्या पेंडंटवर, म्हणजे हातातल्या पॅनेलवर, सगळं इंग्रजी. मामांना मराठी आणि कानडी वाचता येतं. रोबोवर डिप्लोमाचा पोरगा ठेवूया, असं ठरत होतं. मी मामांसाठी अडून बसलो. रोबो हातानं धरून पॉइंट शिकवता येतात, ते मामांना दोन दिवसांत जमलं. बटणांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

मामांचा पगार मात्र अजून ऑपरेटरचाच. ग्रेड वाढवा म्हणून मालकांना लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही. सोमवारी परत विचारणार आहे.