मोहफुलं खाल्ली कोणी?

उन्हाळ्यात भाचेकंपनी गावाला आली की गोष्टी सांगायचं काम मामाच्याच गळ्यात पडते, तर यावर्षी म्हटलं नुसती तोंडी नको, चित्रं काढूनच करू, प्राणी डिटेक्टिव्हवाली. मेळघाटच्या पायथ्याचं गाव, चैत्र महिना, आजीनं अंगणात मोहफुलं वाळत घातली अन सकाळी उठून पाहते तर अर्धी गायब. बस, एवढीच केस हाय.

एक गोष्ट पहिलेच ठरवून टाकली, डिटेक्टिव्हच्या डोक्यावर हॅट नाही अन हातात भिंग नाही. ज्या प्राण्याला जे खरंच येते त्याच्याच जोरावर त्यानं तपास करायचा, नाहीतर ते माणसाला शेपूट चिकटवल्यासारखं वाटते मले. म्हणून कुत्रा वास घेते, टिटवी रात्री कोण आलं गेलं त्याची बोंब मारते, आणि मेन डिटेक्टिव्ह रानपिंगळा. हे एक लहानसं घुबड, पिंगळ्याचाच भाऊबंद पण दिवसाउजेडी फिरणारा, म्हणजे रात्रीची चोरी त्यानं पाहिलेलीच नाही, त्याला साध्या पिंगळ्याची साक्ष काढा लागते. चित्रात दोघं ओळखू यावे म्हणून साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक काढले, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतेतच.

आता संशयित. पहिला नंबर अस्वलाचा, मोहफुलांसाठी ते पहाटे झाडाखाली येतेच, फुलं वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा. पण अस्वलाच्या पावलात बोटांच्या पुढे लांब नख्या उमटतात, त्या अंगणात नाहीत, सुटलं. सायाळीवर गावातला एक म्हातारा बोकड आरोप करते की तिनं मले काटा फेकून मारला, आणि तिथंच त्याची साक्ष खोटी ठरते, कारण सायाळ काटे फेकतच नाही, ती उलटी धावून येते अन काटे रुततात. (आमच्याकडं शिकलेले लोकंही ही फेकायची गोष्ट छातीठोक सांगतात, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून देल्लं.) उरलं चितळ. अंगणात दोन फाकीचे खूर उमटलेत, बाजूला काळ्या लेंड्या, सगळं त्याच्यावरच जाते.

पण बकरीचेही खूर दोनच फाकीचे असतात ना बाप्पा! आणि दुसऱ्या पानावर, जिथं आजी फुलं पसरवून राहिली, तिथं मागं खुंट्याला बकरी बांधली हाय, दावं लांबलचक. पाचव्या पानावर तेच दावं हातभरच उरलं अन टोक चावलेलं. लिहिलेल्यात त्याचा एक शब्द नाही, जे हाय ते चित्रातच. मोठ्या भाच्यानं सगळी गोष्ट वाचली अन चितळच म्हणून बसला, धाकटीला अजून धड वाचता येत नाही, तिनं पानं मागंपुढं केली अन म्हणे, "मामा, हिचं दावं कोणं खाल्लं?"

रानपिंगळाच का घेतला तेही सांगतो, त्या पक्ष्याची स्वतःचीच केस लय भारी हाय. 1884 नंतर तो कोणाला पक्का असा सापडलाच नव्हता. मधात फक्त एक नमुना, म्हणजे म्युझियमसाठी भरून ठेवलेला मेलेला पक्षी, रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज साहेबाचा, म्हणे 1914 मध्ये गुजरातेत मिळवला. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईनं जुने नमुने तपासले तर साहेबानं ब्रिटिश म्युझियममधला जुना पक्षी चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली. त्या चिठ्ठीपायी लोकं नको तिथं हुडकत बसले होते. बाईनं ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागांचा माग काढला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो सापडला, 113 वर्षांनी! मंग आपल्या मेळघाटातही दिसला. शहाद्याजवळ तो दिसला सकाळी, उजेडात, उघड्या फांदीवर बसलेला.

पुढची गोष्ट याचीच करून राहिलो. साहेबाचं चित्र जमून गेलं, मिशा हायत त्याला, पण म्युझियममधल्या कपाटातला मेलेला पक्षी लेकरांच्या पुस्तकात कसा दाखवावा तिथं गाडी अडकली. धाकटी म्हणते त्याचे डोळे उघडे ठेव, अन मोठा म्हणते मंग तो मेलेला कसा.