माळ्यावरची फौज

गिरगावातली आमची खोली दहा बाय अठराची होती आणि तिला एक लाकडी पोटमाळा होता. घरात ज्याचे काम उरले नाही, पण जे टाकवतही नाही, ते सगळे शिडी लावून वर जात असे: आजोबांचा होल्डॉल, पितळी बंब, पंप मारायचा स्टोव्ह, एका शिलाई मशीनचे नुसते पायडल. कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तो माळा बाथरूमवरच्या लॉफ्टएवढा आक्रसला, पण आईचे "राहू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य मात्र पूर्ण मापाचेच राहिले. गेल्या दिवाळीआधी मी तो लॉफ्ट उपसत असताना माझा भाचा माझ्या संगणकासमोर बसला होता. "मावशी, हा कोण? खेळात तर कधी दिसला नाही," असे त्याने विचारले, म्हणून हात झटकून मी खाली उतरले.

पडद्यावर 'स्टारक्राफ्ट २' या फौजांच्या लढाईच्या संगणकी खेळाचा नकाशे बनवायचा एडिटर उघडा होता. मोकळ्या मैदानाच्या मधोमध दोन पायांवर एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे यंत्र उभे होते. तो वॉरहाउंड होता, खेळ तयार होताना गाळला गेलेला एक शिपाई.

मी 'स्टारक्राफ्ट' पहिल्यांदा खेळले ते ठाकूरद्वारच्या एका सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून. ब्लिझार्ड कंपनीने १९९८ साली काढलेल्या या खेळात टेरन म्हणजे माणसे, झर्ग नावाचे किड्यांसारखे जीव आणि प्रोटॉस नावाचे प्रगत परग्रहवासी अशा तीन फौजा आहेत, आणि तिघांची लढण्याची रीत पूर्ण वेगळी आहे. हा खेळ १९९६ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात मांडला गेला तेव्हा तो इतका जांभळा आणि कंपनीच्याच आधीच्या 'वॉरक्राफ्ट' या ऑर्क नावाच्या राक्षसांच्या खेळासारखा दिसत होता की लोकांनी 'अवकाशातले ऑर्क' म्हणून त्याची टर उडवली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यानंतर खेळ चालवणारा आतला प्रोग्राम, म्हणजे इंजिनच नव्याने लिहिले गेले. जुन्या मांडणीचे काही अवशेष मात्र तसेच राहिले. पहिल्या खेळाच्या फाइलींमध्ये कॅन्टीना, मायनिंग प्लॅटफॉर्म, जम्प गेट अशी नावे आजही सापडतात, पण खेळात या इमारती कुठेच उभ्या नाहीत. आमच्या चाळीच्या जिन्याखालच्या टपालपेट्यांवर विरारला जाऊन वीस वर्षे झालेल्या बिऱ्हाडांची नावे होती, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या भागातल्या गाळलेल्या शिपायांची हकिगत अधिक तपशिलात माहीत आहे, कारण ती गाळणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. २००७च्या मे महिन्यात सोलमध्ये या भागाची घोषणा झाली आणि तो दुकानात आला २०१०च्या जुलैमध्ये. मधल्या तीन वर्षांत जे जे दाखवले गेले त्यातले बरेच पुढे बदलले किंवा नाहीसे झाले. थॉर नावाचा अजस्र यंत्रमानव सुरुवातीला कारखान्यात तयारच होत नसे. मोठ्या मंडळाची मूर्ती जशी मंडपात जागच्या जागी घडवतात, तसा त्याला कामगार मैदानात उभा करत. पुढे त्याला निमूटपणे कारखान्याच्या दारातून बाहेर पडावे लागले. मला ती पहिली पद्धत अजून जास्त आवडते.

शिपाई गाळला म्हणजे तो वाईट होता, असा आपला समज असतो. मला मात्र या यादीकडे पाहताना पुन्हा पुन्हा वाटते की बहुतेकांचे भांडण गुणवत्तेशी नव्हते, जागेशी होते. अशा खेळात शेकडो आकृत्यांच्या गर्दीतून कोण काय करतो हे एका नजरेत ओळखता आले पाहिजे आणि एका कामाला शक्यतो एकच धनी असला पाहिजे. मग मुंबईकर जे करतो तेच तिथल्या आखणाऱ्यांनी केले. पहिल्या खेळात आणि त्याच्या 'ब्रूड वॉर' या पुरवणीत मिळून जखमींवर उपचार करणारी मेडिक वेगळी होती आणि सैनिक वाहून नेणारे ड्रॉपशिप वेगळे होते. दुसऱ्या भागात मेडिव्हॅक आले आणि दोन्ही कामे एकट्याने करू लागले. वायकिंग तर हवेत विमान असते आणि जमिनीवर उतरले की पाय फुटून चालू लागते. सोफा-कम-बेड घेतल्यावर जुना पलंग कुठे ठेवायचा हा प्रश्न आमच्याही घरी आला होता, आणि त्याचे उत्तरही तेच निघाले होते.

त्या खेळाचा माळा म्हणजे एकट्याने खेळायची, गोष्ट असलेली मोहीम. दोन खेळाडूंच्या सामन्यातून बाद झालेले मेडिक, फायरबॅट, व्हल्चर, गोलायथ आणि रेथ हे सगळे जुने शिपाई २०१०च्या मोहिमेत नीट मांडून ठेवलेले सापडतात. सामन्यात एका शिपायाने तोल बिघडवला तर समोरचा माणूस हरतो आणि चिडतो, पण मोहिमेत समोर यंत्रच असल्यामुळे तिथे थोडा पसारा खपून जातो. आधीच्या आराखड्यांत कोब्रा नावाची एक वेगवान टेरन गाडी होती, जी न थांबता, धावता धावता गोळी झाडत असे. ती सामन्यात टिकली नाही. तोच गुण असलेली डायमंडबॅक मोहिमेत मिळते, आणि ती मिळते नेमकी त्या प्रसंगात, जिथे धावत्या आगगाड्यांचा पाठलाग करून त्या उद्ध्वस्त करायच्या असतात. जन्मभर धावत लोकल पकडलेल्या माणसाला यातले औचित्य समजावून सांगावे लागत नाही.

माळ्यावरसुद्धा जागेची मारामारी असतेच. प्रीडेटर हा चित्त्यासारखा चार पायांचा यांत्रिक प्राणी आणि हर्क्युलीस हे भलेमोठे वाहतूक जहाज, या दोघांपैकी संशोधनाच्या एका टप्प्यावर एकच निवडता येते आणि निवड झाली की दुसरा त्या मोहिमेपुरता कायमचा बाद होतो.

वॉरहाउंडची गोष्ट जरा करुण आहे. २०११ साली ब्लिझार्डच्या ब्लिझकॉन संमेलनात तो 'हार्ट ऑफ द स्वार्म' या पुढच्या भागासाठी मोठ्या दिमाखात दाखवला गेला, २०१२मध्ये चाचणीच्या आवृत्तीत उतरला आणि थोड्याच दिवसांत काढून टाकला गेला. त्याची क्षेपणास्त्रे शत्रूची यंत्रे हेरून आपोआप सुटत असत. त्यामुळे खेळाडूने वॉरहाउंडांचा जथा बनवून पुढे पाठवला की डोके चालवण्याचे काम फारसे उरत नसे, आणि बाकीची टेरन यंत्रे बनवायचे कारणही उरत नसे. पुढे त्या भागाच्या मोहिमेत तो शत्रूच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. त्याच संमेलनात दाखवलेला प्रोटॉसांचा रेप्लिकंट तर चाचणीपर्यंतही पोचला नाही. शत्रूच्या शिपायाचे रूप घेणे हे त्याचे काम होते. कल्पना गमतीची खरी, पण तीन फौजांच्या वेगळेपणावर उभ्या असलेल्या खेळात दुसऱ्याचा सदरा घालून फिरणारा हा पाहुणा मलाही पटला नसता.

लर्करचे मात्र आईला सांगण्यासारखे झाले. जमिनीत दडून काट्यांची रांग सोडणारा हा झर्ग १९९८च्या 'ब्रूड वॉर'मध्ये आला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत तो होता, २०१०च्या खेळात नव्हता, २०१३च्या 'हार्ट ऑफ द स्वार्म'च्या मोहिमेत पर्याय म्हणून डोकावला आणि २०१५च्या 'लेगसी ऑफ द व्हॉइड' या त्यापुढच्या भागात सन्मानाने सामन्यात परतला. टेम्पेस्टचे दैव निराळे. पहिल्या आराखड्यांत प्रोटॉसांचे हे जहाज त्यांच्या जुन्या कॅरियर जहाजाची जागा घेणार होते, पण कॅरियरच परत आले आणि हे गेले. काही वर्षांनी फार लांबून मारा करणारे एक नवेच जहाज आले आणि त्याला टेम्पेस्ट हे नाव मिळाले, जसे आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात.

हे सगळे मी भाच्याला सांगत होते तेव्हा त्याचे लक्ष निम्मेच होते. त्याने वॉरहाउंड बाजूला सरकवला आणि यादीत खाली जाऊन चार प्रीडेटर मैदानात ठेवले. मग थोडे शोधून त्यांच्या शेजारी एक हर्क्युलीस ठेवले. "हे दोघे एकत्र कधी मिळत नाहीत ना?" त्याने विचारले. "नाही," मी म्हणाले. त्याने नकाशा चालू केला. ते धूड प्रीडेटरांच्या डोक्यावर येऊन थांबले, चौघेही एकेक करून आत गेले आणि जहाज काहीच नसलेल्या त्या मैदानावरून सावकाश पलीकडे निघाले. तोवर स्वयंपाकघरातून आई दोनदा विचारून गेली होती की शिडी मधेच उभी का आहे आणि स्टोव्ह परत वर कोण ठेवणार आहे.