न घेतलेली दोन कर्जे

परळच्या एका बँकशाखेत गृहकर्जाचे अर्ज तपासणे हे माझे काम. अर्जदाराने लिहिलेले आणि सिबिलच्या, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसणारे यांचा मेळ बसला नाही, की "मॅडम, हे कर्ज माझे नाहीच" हे वाक्य ठरलेले असते, आणि दहापैकी नऊ वेळा ते खोटे निघते. त्यामुळे काळाचौकीच्या सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाने तेच सांगितले तेव्हा मी अहवाल त्याच्यासमोर सरकवला आणि थकबाकी भरून मगच या, असे जरा तुटकपणेच म्हटले. मोबाइल आणि टीव्हीसाठी घेतलेली दोन कर्जे, दोन्ही थकीत. 300 ते 900 च्या मोजपट्टीवर त्याचे गुण 541. सोबत आलेले वडील, निवृत्त बसचालक, हलक्या आवाजात एवढेच म्हणाले, "आता तरी खरं सांग रे." मुलाने मान वर केली नाही.

तो उठून गेल्यावर, केवळ सवयीने, मी अहवालाचे शेवटचे पान उलटले. पॅन आणि जन्मतारीख त्याचीच होती. कर्जांसोबत नोंदलेला पत्ता मात्र मीरा रोडचा होता, आणि मोबाइल क्रमांक त्याने कधीच वापरलेला नव्हता. मी दोघांना जिन्यावरून परत बोलावले.

कागद कुठे कुठे दिले ते आठवायला सांगितले, तेव्हा यादी लांबतच गेली: सिमकार्डाचे दुकान, व्यायामशाळा, अंधेरीत मित्रांबरोबर भाड्याने घेतलेल्या खोलीचा दलाल. सगळीकडे आधार आणि पॅनची झेरॉक्स, खाली सही. ती कशासाठी दिली, कोणत्या तारखेला, हे एकीवरही लिहिलेले नव्हते. ओटीपी कुणालाही सांगू नका, असे आम्ही शाखेत ज्येष्ठ नागरिकांना बोलावून घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. या मुलाने ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, आणि त्याच्या वयाच्या कुणाला आम्ही कधी बोलावलेही नव्हते.

पुढचे काम कागदोपत्री होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र, आणि सिबिलकडे हरकत. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहायला मी सांगितले. हरकतीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचा उल्लेखही मुद्दाम करायला लावला.

26व्या दिवशी दोन्ही नोंदी अहवालातून काढल्या गेल्या. तोवर घरमालकाने बयाणा परत करून फ्लॅट दुसऱ्याला विकला होता. वडिलांनी मला फोन केला तो मात्र वेगळ्याच कारणासाठी: त्यांचा स्वतःचा अहवाल कसा काढायचा, आणि वर्षातून एकदा तो खरोखरच फुकट मिळतो का.